नसलेल्या देशाची शिरगणती

जुलैमधल्या एका शनिवारी आपल्या मंडळात एक खेळ घेतला होता, आठवतोय ना? प्रत्येकाने एक देश तयार करायचा. नाव, राजधानी, भाषा, काय पिकतं, काय खातात, एवढंच लिहायला सांगितलं होतं. धर्माचं कुणी विचारलंच नव्हतं. तरी जमलेल्या वीस-बावीस कागदांपैकी निम्म्याहून जास्त कागदांवर धर्माचा तक्ता होता, आणि तोही टक्केवारीसकट. एका मुलाने 'नीलद्वीप' नावाचं बेट काढलं होतं. त्यात चार धर्म : ६०, २२, ११ आणि ७ टक्के. खाली ठळक अक्षरांत, 'देश धर्मनिरपेक्ष आहे.' मी विचारलं, "धर्मनिरपेक्ष म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "म्हणजे मॅडम, भांडत नाहीत." सगळे हसले, मीही हसले. पण घरी जाताना बसमध्ये वाटत राहिलं की त्याला नीट उत्तर द्यायला हवं होतं. भांडत का नाहीत? ६० टक्केवाल्यांना भांडायची गरज नाही म्हणून, की ७ टक्केवाल्यांची हिंमत नाही म्हणून? आणि शंभराची बेरीज जुळवताना ज्याला कुठल्याच रकान्यात बसायचं नाही, तो गेला कुठे?

कल्पनेतला देश रचून त्यात धर्माचा प्रश्न मांडायचा, हा खेळ आपण काही पहिल्यांदा खेळलो नाही. पाचशे वर्षांपूर्वी थॉमस मोर नावाच्या एका इंग्रज वकिलाने तो खेळला होता. त्याचं पुस्तक लॅटिनमध्ये लिहिलेलं, १५१६ साली लूव्हेन इथे छापलेलं. पुस्तकातल्या बेटाचं नाव युटोपिया. ग्रीकमधून घेतलेल्या या नावाचा अर्थ 'कुठेच नसलेली जागा'. त्या बेटाची हकीकत सांगणारा खलाशी राफाएल हिथ्लोडे, त्याच्याही नावात 'थापा मारण्यात तरबेज' असा श्लेष दडलेला आहे. म्हणजे मोर आधीच डोळा मारतो की बाबांनो, हे खरं धरू नका, आणि मग फार गंभीर गोष्टी सांगतो.

आपल्यासाठी एक गंमत. हा हिथ्लोडे पोर्तुगीज आहे. कथेत तो अमेरिगो व्हेस्पुचीबरोबर जातो, मागे राहतो, भटकत भटकत सिंहलद्वीपाला आणि तिथून कालिकतला पोचतो. कालिकतच्या बंदरात त्याला पोर्तुगीज गलबतं भेटतात आणि तो मायदेशी परततो. पुस्तक छापलं त्याच्या आधी सहाच वर्षं, १५१० मध्ये, आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा घेतला होता. युरोपात बसून नवे देश कल्पायची तेव्हा जी हवा होती, तिचं एक टोक आपल्याच किनाऱ्याला लागलेलं होतं.

आता युटोपियाची शिरगणती. मोर आकड्यांचा शौकीन. बेटावर ५४ शहरं. प्रत्येक शहरात ६००० कुटुंबं, आणि प्रत्येक कुटुंबात प्रौढ माणसं १० पेक्षा कमी नाहीत, १६ पेक्षा जास्त नाहीत. गुणाकार केला तर शहरांतली ३ लाख २४ हजार कुटुंबं आणि साधारण ३२ ते ५२ लाख प्रौढ. मुलं यात धरलेली नाहीत. गुलामही नाहीत. हो, त्या आदर्श देशात गुलाम आहेत, हे विसरायचं नाही. दर तीस कुटुंबांमागे एक निवडलेला अधिकारी, म्हणजे शहरामागे दोनशे. धर्मगुरू मात्र अगदी मोजके. शहरात देवळं तेरा, म्हणून धर्मगुरूही तेरा, लोकांनी गुप्त मतदानाने निवडलेले. त्यांत बायकासुद्धा असू शकतात, पण थोड्या, विधवा आणि वयस्कर.

एवढं मोजणारा माणूस एक गोष्ट मोजत नाही : कुठल्या धर्माचे किती. तो फक्त सांगतो की धर्म अनेक आहेत, नुसते बेटाच्या वेगवेगळ्या भागांत नव्हे तर एकेका शहराच्या आत. कुणी सूर्याला भजतं, कुणी चंद्राला, कुणी एखाद्या ग्रहाला. कुणी पूर्वी होऊन गेलेल्या थोर माणसालाच देव मानतं. बहुतेक आणि त्यातले शहाणे लोक एका अदृश्य, अनादि, बुद्धीला न आकळणाऱ्या शक्तीला मानतात आणि तिला पिता म्हणतात. सर्वोच्च शक्तीला सगळ्यांच्या भाषेत नाव एकच, मिथ्रास. पण ६०, २२, ११, ७ असं कुठेही नाही.

असं का? मला वाटतं, त्या आकड्याला तिथे काही कामच नाही. अधिकारी निवडतात ती कुटुंबं, पंथ नव्हेत. धान्य मिळतं ते कुटुंबाला. कुणाचा पंथ वाढला म्हणून त्याच्या वाट्याला जास्तीची खुर्ची येत नाही आणि घटला म्हणून काही जात नाही. धर्मसंख्येचा आकडा नुसता आकडा कधीच नसतो. त्याच्यामागे काही वाटप बांधलेलं असलं, की तो पेटतो.

याचं खऱ्या जगातलं सगळ्यात बोलकं उदाहरण लेबनॉन. तिथे शेवटची अधिकृत शिरगणती १९३२ मध्ये झाली. ख्रिस्ती निम्म्याहून थोडेसे जास्त निघाले. त्यावर देशाची घडी बसली : राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, संसदेचा सभापती शिया, आणि संसदेत सहा ख्रिस्ती जागांमागे पाच मुसलमान जागा. १९७५ ला यादवी सुरू झाली, १९८९ च्या ताइफ करारात ते प्रमाण निम्मं-निम्मं केलं. पण शिरगणती? ती १९३२ नंतर पुन्हा झालीच नाही. मोजलं तर घडी मोडेल, म्हणून कुणी मोजत नाही. जिथे आकड्याला सगळ्यात जास्त किंमत, तिथेच आकडा काढायची चोरी.

आपणही त्या वाटेने थोडं चालून आलेलो आहोत. १९०९ च्या सुधारणांनी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिले, १९१९ नंतर ते शिखांना आणि काही ठिकाणी भारतीय ख्रिस्ती लोकांनाही मिळाले. संविधान सभेत १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडून द्यायचा निर्णय झाला. त्या बाजूने उभे राहिलेल्यांत अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी होते, स्वतः बंगाली ख्रिस्ती. मद्रासहून आलेले जेजुइट फादर जेरोम डिसोझाही होते. आपल्या समाजाच्या खुर्च्या आपणच सोडणं सोपं नसतं. त्यामागे हिशेब असा होता की राखीव खुर्चीवर बसलेला माणूस कायम 'त्यांचा' प्रतिनिधी राहतो, 'आपला' होत नाही. हा हिशेब किती बरोबर ठरला, यावर वर्गात तासभर वाद होऊ शकतो, आणि व्हावा.

परत युटोपियात. तिथे धर्मस्वातंत्र्य आलं कसं, तर राजा युटोपसने ते बेट जिंकलं तेव्हा त्याला दिसलं की इथले पंथ आपापसांत इतके भांडतात की परचक्र आलं तरी एकत्र लढत नाहीत. आपण जिंकलो ते त्यांच्या भांडणामुळेच. म्हणून गादीवर आल्यावर त्याने कायदा केला : ज्याला जो धर्म पटेल तो त्याने पाळावा. दुसऱ्याला आपल्या धर्मात यायला सांगावंसं वाटलं तर सांगावं, पण सौम्यपणे, युक्तिवादाने. जबरदस्ती नाही, शिवीगाळ नाही. मर्यादा ओलांडेल त्याला हद्दपारी किंवा गुलामगिरी.

मग येतो या भागातला माझ्या मते सगळ्यात चांगला प्रसंग. हिथ्लोडे आणि त्याचे साथीदार तिथे ख्रिस्ताबद्दल सांगतात. पुष्कळांना ते आवडतं, विशेषतः ख्रिस्ताचे पहिले अनुयायी सगळं सामायिक ठेवून राहत हे ऐकून, कारण युटोपियात खाजगी मालमत्ताच नाही. काही जण बाप्तिस्मा घेतात. त्यांतला एक नवा ख्रिस्ती उत्साहाच्या भरात चौकात उभा राहतो आणि सांगू लागतो की आमचाच धर्म खरा, बाकीचे सगळे अपवित्र, ते पाळणारे नरकात जळतील. त्याला पकडतात, खटला चालतो आणि हद्दपार करतात. लक्षात घ्या, आरोप 'धर्माचा अपमान' हा नाही. आरोप लोकांत दंगा भडकवल्याचा आहे. तो ख्रिस्ती झाला यात गुन्हा नाही, इतरांना ख्रिस्ती करू पाहिलं यातही नाही.

हा प्रसंग लिहिणारा स्वतः कट्टर कॅथलिक होता. आपल्याच धर्माच्या माणसाला त्याने या प्रसंगात चुकीच्या जागी उभं केलं. दुसऱ्या धर्माचा वेडगळ प्रचारक रंगवणं फार सोपं होतं.

आपल्या संविधानाच्या कलम २५ मध्ये हाच पेच आहे. सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य, आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क. 'प्रसार' या शब्दावर संविधान सभेत बरंच बोलणं झालं, पण शब्द राहिला. पुढे ओरिसाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये जबरदस्तीच्या, फसवणुकीच्या आणि आमिषाच्या धर्मांतराविरुद्ध कायदे केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७७ मध्ये निकाल लागला : प्रसार म्हणजे आपल्या धर्माची शिकवण समजावून सांगणं, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही. युटोपियाच्या कायद्याशी ताडून पाहा. तिथे विचारतात, सांगणाऱ्याने सांगितलं कसं? आपल्याकडे वाद जातो तो ऐकणाऱ्याने बदल का केला, यावर. आणि 'का' हे दुसऱ्याच्या मनातलं. ते सरकारी अधिकाऱ्याने कसं तपासायचं, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

पण युटोपियाला धर्मनिरपेक्ष म्हणून मोकळं होऊ नका. तिथे एक फट आहे आणि ती चांगली रुंद आहे. आत्मा शरीराबरोबर मरतो, किंवा जग नुसतं योगायोगाने चालतं, त्यामागे कुणी नाही, असं मानणाऱ्याला तिथे पद नाही, मान नाही, नागरिक म्हणून गणतीच नाही. कारण सांगितलंय ते असं : ज्याला मरणानंतरची भीती नाही तो कायदा चोरून मोडणारच. त्याला शिक्षा मात्र करत नाहीत, कारण काय मानायचं हे माणसाच्या हातात नसतं असं त्यांना वाटतं. खोटं बोलायलाही लावत नाहीत. सामान्य लोकांपुढे बोलायची बंदी, धर्मगुरूंशी खाजगीत वाद घालायची मोकळीक. थोडक्यात, नीलद्वीपाच्या बेरजेत जो हरवला होता, तोच इथेही बाहेर उभा आहे.

हे एकट्या मोरचं नाही. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, १६८९ मध्ये, जॉन लॉकने सहिष्णुतेवरचं आपलं प्रसिद्ध पत्र छापलं, त्यातही नास्तिकाला जागा नाही. कारण, देवच न मानणाऱ्याच्या शपथेवर भरवसा काय ठेवायचा? आता आपल्या संविधानाची तिसरी अनुसूची काढून बघा. मंत्र्याच्या, आमदार-खासदाराच्या, न्यायाधीशाच्या शपथेत दोन पर्याय शेजारी-शेजारी छापलेत : ईश्वरसाक्ष शपथ घेतो, किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो. एवढीशी ओळ, पण मोर आणि लॉक जिथे थांबले तिथून ती एक पाऊल पुढे आहे. 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द प्रास्ताविकेत आला १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने. हा दुसरा पर्याय मात्र पहिल्या दिवसापासून होता.

आणि जनगणनेचं म्हणाल, तर २०११ च्या फॉर्मवर सहा धर्मांना आकडे दिलेले होते, बाकी धर्म असेल तर त्याचं नाव लिहायचं. देशात हिंदू ७९.८ टक्के, मुसलमान १४.२, ख्रिस्ती २.३, शीख १.७. आपल्या गोव्यात हिंदू ६६, ख्रिस्ती २५, मुसलमान ८ टक्क्यांच्या वर. आणि 'धर्म सांगितला नाही' अशी नोंद देशभरात सुमारे २९ लाख माणसांची. सगळेच नास्तिक असतील असं नाही. काहींना फक्त सांगायचं नसेल. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की आपला कोणताही धर्म नाही असं म्हणण्याचा हक्क नागरिकाला आहे आणि सरकार त्याला धर्म लिहायची सक्ती करू शकत नाही.

म्हणजे मोजूच नये का? मी तसं म्हणणार नाही. १९५१ मध्ये महाराष्ट्राच्या भागात बौद्धांची नोंद काही हजारच होती. १९६१ च्या जनगणनेत ती २७ लाखांवर गेली. मध्ये १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. तो रकाना तिथे नसता तर एवढ्या माणसांनी विचार करून घेतलेला निर्णय कागदावर कुठे दिसला असता? कधी आकडा वाटपाचा असतो, कधी साक्षीचा.

आता मोरचं पुढचं आयुष्य, कारण ते सांगितल्याशिवाय पुस्तक अर्धंच कळतं. पुस्तक छापलं त्याच्या पुढच्याच वर्षी, १५१७ मध्ये, ल्यूथरचं प्रकरण सुरू झालं आणि युरोपचा कागदावरचा वाद रस्त्यावर आला. मोर १५२९ ते १५३२ इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर होता. त्या काळात पाखंडाच्या आरोपाखाली सहा जणांना जिवंत जाळलं गेलं, आणि पाखंडी शोधण्यात मोर स्वतः हिरिरीने गुंतलेला होता. मग राजा आठव्या हेन्रीने स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख म्हणवून घेतलं. मोरने ती शपथ घ्यायला नकार दिला आणि ६ जुलै १५३५ ला त्याचं डोकं उडवलं गेलं. १९३५ मध्ये चर्चने त्याला संत म्हणून जाहीर केलं.

ज्याने इतरांच्या अंतःकरणावर पहारा बसवला, तोच स्वतःच्या अंतःकरणासाठी मेला. यातलं एक खरं आणि दुसरं खोटं असं करता येत नाही. पुस्तकाच्या शेवटी मोर नावाचं एक पात्रही म्हणतं की युटोपियातल्या बऱ्याच गोष्टी मला अजब वाटल्या, आणि त्यांच्या यादीत धर्माची व्यवस्थाही आहे. तो सावधपणा होता की मनापासूनचा विरोध, यावर अभ्यासक अजून भांडतात.

आणि एक दुवा आपल्या दाराशी. युटोपिया छापल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १६१६ मध्ये, राशोलला एक पुस्तक छापलं गेलं. लिहिणारा पुन्हा इंग्रज कॅथलिक : फादर थॉमस स्टीफन्स. पुस्तक आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं, 'क्रिस्तपुराण', मराठी ओव्यांत आणि रोमन लिपीत. हा माणूस ज्या इंग्लंडातून आला तिथे कॅथलिक असणं धोक्याचं झालं होतं. १५७९ मध्ये तो गोव्यात उतरला, आणि इथे त्याचा धर्म राज्यकर्त्यांचा धर्म होता. १५६० पासून इन्क्विझिशन सुरू होतं, देवळं पाडली गेलेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेजुइट मारले गेले. त्यानंतर तिथल्या गावकारांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यावर बोलावून पोर्तुगीजांनी ठार केलं. स्टीफन्स तेव्हा साष्टीतच होता. एकाच माणसाने एका आयुष्यात अल्पसंख्य असणंही पाहिलं आणि सत्तेच्या बाजूला असणंही. अशा माणसाने मग प्रश्न विचारणारा ब्राह्मण आणि उत्तर देणारा पाद्री अशी रचना करून, इथल्या लोकांच्या पुराणाच्या घाटात आपली गोष्ट सांगितली. आजूबाजूला काय चाललं होतं ते यामुळे पुसलं जात नाही. पण युटोपसने सांगितलेला सौम्य युक्तिवाद कसा असतो, ते बघायचं तर ते तिथे बघायला मिळतं.

शेवटचा एक फरक. युटोपियातलं देऊळ मुद्दाम अंधारं ठेवलेलं, आत एकही मूर्ती नाही, आणि प्रार्थना अशी की कुठल्याही पंथाच्या माणसाला म्हणता यावी. खास आपापले विधी घरी. सगळ्यांचं म्हणून जे असेल त्यातून प्रत्येकाचं वेगळेपण काढून टाकायचं, ही त्यांची युक्ती. आमच्या म्हापशाला मिलाग्र सायबिणीच्या फेस्ताला या. तिथे तेल घालायला हिंदू बायका रांगेत उभ्या असतात, कारण सायबीण ही शिरगावच्या लईराईची बहीण. मूर्ती आहे, मेणबत्त्या आहेत, झगमगाट आहे, अंधार कुठेच नाही. कुणी काही काढून ठेवलेलं नाही. ही रीत युटोपियाच्या रीतीपेक्षा मला जवळची वाटते. पण ती कायद्याने टिकत नाही, नात्याने टिकते, आणि नातं बिघडलं तर तिला राखायला कुणी युटोपस नाही, हेही खरं.

'युटोपिया'तला धर्मांचा भाग दुसऱ्या खंडाच्या अगदी शेवटी आहे, एका बैठकीत वाचून होण्याइतका. पुढच्या शनिवारी तोच वाचू. नीलद्वीपवाल्याने आपला कागद घेऊन यायचा आहे. बेरीज शंभर आलीच पाहिजे असं नाही.